पासाऊच्या वाटेवरचे चहाचे थांबे

सासूबाईंना जर्मनीत बघायची अशी एकच गोष्ट होती आणि ती आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेली होती. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानानं जानेवारीत फुकट दिलेलं कॅलेंडर, सप्टेंबरचं पान, पासाऊ. वरून काढलेला फोटो. जुनं शहर, चिंचोळं होत होत टोकाशी संपलेलं, आणि त्या टोकाला तीन नद्या येऊन मिळालेल्या. एकीचं पाणी निळं, एकीचं हिरवट, एकीचं काळं. मिळाल्यावरही बराच वेळ एकमेकींत न मिसळता नुसत्या शेजारून चाललेल्या, लग्नघरातल्या जावांसारख्या.

"आमच्या वाडीला दोनच," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. तिसरी नदी म्हणजे वाडीवर केलेली कुरघोडी असं त्यांना वाटत असावं, पण ती बघितल्याशिवाय परत जायची त्यांची तयारी नव्हती.

मी न्युरेम्बर्गला एका इंजिनियरिंग कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. म्हणजे इतरांनी करायच्या कामांच्या तारखा मी ठरवतो आणि त्या चुकल्या की नवीन ठरवतो. एका दिवसाची सहल आखायला मला कितीसा वेळ लागणार? एक्सेल उघडलं, रकाने पाडले, शेवटच्या रकान्यात धोके लिहिले: पाऊस, ट्रॅफिक, चढ. चौथा धोका तिथे जेवायच्या टेबलावर माझ्यासमोरच बसला होता, तो लिहायचा राहिला.

माझे सासरे, श्रीरंग. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. सांगलीच्या एसटी स्टँडवर चौतीस वर्षं कंट्रोलर होते. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठं किती थांबणार, हे ते ठरवायचे आणि माणसं गुमान ऐकायची. त्यांची एक नेहमीची फुशारकी होती. "खिडकीतनं नुसतं चालणं बघून सांगायचो, हा कोल्हापूरला चाललाय, हा कुणाला सोडायला आलाय, आणि ह्याला कुठंच जायचं नाही, ह्याला नुसती मुतारी पाहिजे." एवढं रंगवून सांगणारा माणूस. पण पासाऊचं नाव काढलं की त्यांचं तोंड मिटायचं.

पहिला बेत कारचा होता. सरळ हायवे, सव्वादोन तास.

"मला मोटारीत मळमळतं," अण्णा म्हणाले.

ज्या माणसाची हयात डिझेलच्या धुरात गेली त्याला मळमळतं, हे मी जावई असल्यामुळे मान्य केलं.

दुसरा बेत ट्रेनचा. "उलट्या तोंडाची सीट मिळाली तर मला चालत नाही." तिसऱ्या बेतात सीट सुलट होती, तर गुडघा निघाला. चौथ्यात गुडघ्यासाठी नदीतल्या बोटीची सोय केली, तेव्हा ते म्हणाले, "शिरीषराव, नदी काय बघायची असती? मी बघितलीया नदी. दोन हजार एकोणीसला आमच्या गल्लीत आली होती."



"मग आई, तू आणि मी जाऊ," माझी बायको विभावरी म्हणाली.

"संगमावर जोडीनं जायचं असतं," सासूबाई म्हणाल्या आणि पोळी उलटली. "ह्यांना नको तर राहू दे."

ते 'राहू दे' त्यांनी इतकं सहज म्हटलं की घरात पुढचे दोन दिवस कुणाला जेवण गेलं नाही. परतीचं विमान पुढच्या मंगळवारी होतं. हातात एकच शनिवार उरला होता.

उलगडा झाला तो लायब्ररीत. अण्णांना आमच्या भागातली लायब्ररी फार आवडली होती. सकाळ-संध्याकाळ फिरायला जायचे ते तिथंच. त्यांना जर्मनचं एक अक्षर येत नाही, पण वाचनाची ओढ कुठल्या वयात लागेल सांगता येत नाही, असं मी ऑफिसात दोघांना कौतुकानं सांगितलंही होतं. बुधवारी मी मुलीची पुस्तकं परत करायला गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी भारतीय आडनाव वाचून मान वर केली.

"आल्झो, म्हणजे ते टोपीवाले गृहस्थ तुमचे वडील का? फार सभ्य माणूस. येतात, हात जोडतात, खाली जातात. पाच मिनिटांनी वर येतात, पुन्हा हात जोडतात आणि जातात. रोज दोनदा."

"खाली काय आहे?" मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "टॉयलेट."

मी घरी येताना अण्णांच्या फिरण्याचा रस्ता चाललो. घर ते बेकरी, आत बसायची जागा आणि म्हणून टॉयलेटही असलेली, पंधरा मिनिटं. बेकरी ते लायब्ररी, अठरा मिनिटं. लायब्ररी ते घर, वीस. तीन आठवडे हा माणूस एका परक्या देशात स्वतःच्या देहाचं टाइमटेबल सांभाळत होता. एक फेरी चुकवली नव्हती आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आणि मी त्यांना सव्वादोन तास हायवेवर बसवायला निघालो होतो.

विभावरीला सांगितलं तर ती ताडकन उठली. "मी विचारते त्यांना."

"तू विचारलंस तर ते उद्याच विमानात जाऊन बसतील."

"अरे, पण गोळ्या वगैरे असतात. आणि तुला का नाही सांगितलं?"

विचारता विचारताच तिला उत्तर कळलं. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी अण्णा माझ्यासमोर पाय पसरून बसत नाहीत. मी घरात शिरलो की शर्टाचं वरचं बटण लावतात. आमच्यात हवामान, महामार्ग आणि उसाचा दर हे तीन विषय मंजूर आहेत. चौथा आणायचा तर तो त्यांच्याकडून येणार नाही, हे उघड होतं.

गुरुवारी सकाळी नाश्त्याला मी तो आणला.

"अण्णा, पासाऊचं रद्दच करू या," मी म्हणालो. "अडचण माझी आहे. इतके दिवस बोललो नाही. मला हल्ली सारखं जावं लागतं."

सासूबाईंचा चटणीचा चमचा हवेत थांबला. आमची चौदा वर्षांची निधी, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्येच सुचतं, तिनं "ईऽऽ, पापा" एवढं मात्र शुद्ध मराठीत म्हटलं.

अण्णांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सांगली स्टँडच्या खिडकीत कदाचित ते दिसत असेल.

"किती वेळानं?"

"तासाभरानं."

"म्हणजे पाऊण तास धरायचा. तास सांगणाऱ्याला पाऊणच असतो." ते निधीकडे वळले. "बाळ, पट्टी आण आणि वही आण. आणि त्या फोनवर बघ, पासाऊत कुठं कुठं सोय आहे. प्रत्येक ठिकाणी निळा ठिपका कर."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं म्हणून निधी कामाला लागली. मी सांगितलेलं काम ती अशी कधी करत नाही.

दुपारपर्यंत टाइमटेबल तयार झालं. माझं एक्सेल त्यापुढे पोरखेळ होता. कार बाद, ट्रेनच घ्यायची, आणि तीही सरळ जाणारी वेगवान नाही, तर दोन ठिकाणी बदलायची साधी. रेगेन्सबुर्गला पंचवीस मिनिटं, प्लाटलिंगला वीस. साडेतीन तास. डब्यात दाराजवळची सीट, कारण तिथून चार पावलं. पासाऊत स्टेशनपासून नदीच्या टोकापर्यंत सहा निळे ठिपके, दोन ठिपक्यांत दहा मिनिटांहून जास्त चाल नाही. येणे, सुटणे, थांबा, कारण, असे चार रकाने. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: चहा.

"चहा?" मी विचारलं.

"शिरीषराव, एसटी चहासाठी कधी थांबत नसती. बोर्डावर चहा लिहायचा असतो. काय लिहायचं मग दुसरं?"

वही बघता बघता माझ्यातल्या प्रोजेक्ट मॅनेजरला एक चूक सापडली. संगमाच्या ओळीत 'येणे' समोर एक वाजून दहा मिनिटं होती. 'सुटणे' कोरं होतं.

"अण्णा, हे राहिलंय."

"राहिलं नाही," ते वही मिटत म्हणाले. "तिथला ठिपका पन्नास पावलांवर आहे. तिला बघू दे किती बघायचंय ते."

सासूबाई आमच्याकडे पाठ करून सिंकशी उभ्या होत्या. भांडं एकच होतं, पण त्या ते बराच वेळ धूत होत्या.

चांगल्या कामाचं फळ लगेच मिळतं. संध्याकाळपर्यंत सांगलीत वसुधामावशींना, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला, माझ्या मूत्राशयाची खबर पोचली. त्यांनी गोखरूचा काढा सुचवला. रात्रीच्या जेवणाआधी कपिल नावाच्या एका चुलत मेव्हण्यानं योगासनाचा व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं, 'दाजी लाजू नका, पन्नाशीनंतर हे चालायचंच.' ज्या सासुरवाडीत बावीस वर्षं मी 'जर्मनीचे जावई' होतो तिथं एका दिवसात माझी ओळख बदलली.

"आई टेर्मिनचं विचारतेय," विभावरी म्हणाली. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटला आमच्या घरात सासूबाईसुद्धा आता टेर्मिन म्हणतात. "मी घेऊन टाकला."

"कुणाचा? मला काही झालेलं नाही."

"तुझ्याच नावावर घेतलाय. फेब्रुवारीतला मिळाला. तोपर्यंत काहीतरी होईलच."

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. अण्णांनी डोक्यावर टोपी घातली, खिशात वही ठेवली आणि सगळ्यांना फलाटावर पंधरा मिनिटं आधी उभं केलं. गाडी सुटल्यावर पाऊण तास होताच ते माझ्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाले, "शिरीषराव, वेळ झाली. चला, मी येतो सोबतीला."

मी गेलो. दार लावून आत उभा राहिलो, पुरेसा वेळ गेल्यावर बाहेर आलो. "आलोच आहे तर," असं पुटपुटत अण्णा आत गेले.

रेगेन्सबुर्गला हेच. बदलून घेतलेल्या गाडीत हेच. मी एखाद्या नाटकातल्या पहारेकऱ्यासारखा, वाक्य नसलेला, पण वेळेवर प्रवेश करणारा.

प्लाटलिंगला मात्र मी चुकलो. फलाटावरच्या बाकड्यावर बसून मी ऑफिसचा एक मेल वाचत होतो, आणि अण्णा म्हणाले, "चला, थांबा आला."

"मला आत्ता नाहीये," मी फोनमधून डोकं न काढता म्हणालो.

मी वर बघितलं. अण्णा अर्धवट उठले होते, ते परत खाली बसले. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर समोरच्या रुळांवर. पुढची गाडी वीस मिनिटांनी होती आणि मी नाही म्हटल्यावर त्यांना जाण्याचं काही कारणच उरलं नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. बावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही.

"नाही, आहे," मी उठत म्हणालो. "आहे, आहे. चांगलीच आहे. अण्णा, येता का जरा सोबत?"

ते लगेच उठले. आम्ही परत आलो तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "झाला का चहा?"

"झाला," अण्णा म्हणाले.

"कसा होता?"

"बरा होता."

पासाऊला आम्ही निळ्या ठिपक्यांवरून चालत गेलो. वाटेत एक मोठं चर्च होतं आणि रंगीत घरांच्या गल्ल्या होत्या. त्या तुम्ही कधी गेलात तर बघालच, आम्ही येणे-सुटणेच्या हिशेबात पार केल्या. टोकाला पोचलो तेव्हा एक वाजून आठ मिनिटं झाली होती. अण्णांनी वहीत खूण केली, 'दोन मि. लवकर', आणि वही खिशात ठेवली ती पुन्हा काढली नाही.

तिन्ही रंग होते. फोटोइतके स्वच्छ नाही, पण होते. सासूबाई पायऱ्या उतरून पाण्याशी गेल्या. विभावरी दंड धरायला धावली, तेवढ्यात अण्णाच पुढे झाले. दोघांनी वाकून पाण्यात हात बुडवला, डोळ्यांना लावला. मग ती दोघं खालच्या पायरीवर बसली. कुठली नदी कुठली, ते सासूबाई बोटानं दाखवत होत्या. त्यांनाच माहीत नव्हतं, पण अण्णा मान हलवत होते. पाऊण तास झाला. मी घड्याळ बघितलं. अण्णा उठले नाहीत. अजून दहा मिनिटं गेली. मग ते सावकाश वर आले, पन्नास पावलं चालले, एकटेच, कुणाला काही न सांगता, आणि परत येऊन तिच्याशेजारी बसले.

नदीवर गार वारा सुटला होता. मी बावन्न वर्षांचा आहे आणि सकाळपासून, नाटक म्हणून का होईना, प्रत्येक थांब्यावर खरोखरचा चहा मीच पीत आलो होतो. एकाएकी मला उठावं लागलं.

"अण्णा, मी जरा—"

"जा की," ते म्हणाले. "मला आत्ता नाही."

मी निघालो. वीसेक पावलं गेलो असेन, तोच मागून त्यांचा आवाज आला, स्टँडच्या खिडकीतून यावा तसा.

"शिरीषराव, आता खरंच चाललाय."