पाचोडला काय खाल्लं?

“सरू, मी गेल्यावर कुनी म्हनलं, माऊली माझ्या सपनात येती, तर भांडू नको. त्याला येकच इचार, आपन पाचोडला काय खाल्लं? खरी मी आसंन तर सांगंन. इचारशील ना?”

“विचारीन, माऊली.”

“माळंला हात लावून सांग.”

सरोजिनीबाईंनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून सांगितलं होतं. त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हा वाटलं होतं, हे काय अवघड वचन! चार शब्दांचा तर प्रश्न. आणि आता सलग पाच गुरुवार झाले, तो प्रश्न त्यांच्या जिभेवर यायचा, दातांशी घुटमळायचा आणि गपचूप परत जायचा. कारण एकच, आणि ते सांगायची त्यांना लाज वाटत होती. गेले पाच गुरुवार त्या इतक्या आनंदात होत्या, की चौसष्टाव्या वर्षी इतका आनंद बरा नव्हे असं त्यांचं त्यांनाच वाटे.

तर आधी माऊलीचं सांगायला हवं. माऊली म्हणजे पिशोर गावची एक शेतकरीण. शाळा दुसरीपर्यंत, पण गळा असा की देवानं सुट्टीच्या दिवशी निवांत बसून घडवलेला. तिला आदेश व्हायचे. पहाटे उठून म्हणायची, “आज आदेश झाला, येकमेकीच्या माठातलं पानी प्यायचं.” की शहरातल्या निरनिराळ्या जातींच्या बायका पदर खोचून एकमेकींच्या माठांकडं धावायच्या. कधी आदेश व्हायचा, आज सासूची वेणी घाला. कधी व्हायचा, आज कुणाचं वाईट बोलायचं नाही, आणि त्या दिवशी शहरातल्या गारखेड्याच्या मंदिरात इतकी शांतता पसरायची की पुजारी घाबरायचा. तीस वर्षं असं चाललं, आणि सरोजिनीबाई सतत तिच्याबरोबर.

माऊली गेली आणि मंदिराला समिती आली. आदेश थांबले, सूचना सुरू झाल्या. ‘चपला रांगेत ठेवाव्यात.’ ‘आरती अकरा मिनिटांत पूर्ण होईल.’ ‘टाळ्या हळू वाजवाव्यात, शेजाऱ्यांची तक्रार आहे.’ समितीतली माणसं वाईट नव्हती हो. पंखे फिरायचे, पाणी गार असायचं. फक्त देव काही बोलेना.

आणि मग मागच्या आषाढात काकासाहेब उठले.

काकासाहेब एसटीचे निवृत्त कंडक्टर. उभी हयात पिशोरच्या गाडीवर गेली. माऊलीला शहरात आणायचे ते त्यांच्याच गाडीतून, पुढच्या सीटवर. त्या दिवशी आरतीच्या सातव्या मिनिटाला त्यांनी हात वर केला. “थांबा! माऊली बोलल्या माझ्याशी. आज पहाटं. मला आदेश झालाय!”

अध्यक्ष घड्याळाकडं बघत म्हणाले, “लेखी द्या. सूचनापेटी दाराशी आहे.”

काकासाहेब तडक बाहेर पडले. त्यांच्यामागं सतरा बायका आणि चार पुरुष. चपला रांगेत असल्यामुळं सगळ्यांना पटकन सापडल्या.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी चार वाजता सिडकोत सुरेखाच्या गच्चीवर सभा भरू लागली. सुरेखा म्हणजे पिशोरकडचीच, माऊलीच्या भावकीतली. इथं ब्लाउज शिवते, मुलगी मोनिका नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सुरेखा रोज येऊन सांगायची, “ताई, येकदा या तर! लई मजा असती. माऊलीच असल्यावानी वाटतं.” सरोजिनीबाई दोन महिने नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, वचन दिलंय, विचारायला तर जायलाच हवं. विचारायचं आणि परत यायचं.

गच्चीच्या दारात पोचल्या, तर आतून आवाज आला. “पुढं सरका, पुढं सरका! देवाच्या गाडीत समद्यांना जागा हाय! दारात कोन उभंय? सरूताई? या, तुमची शीट धरून ठेवलीय.”

आणि खरंच, पहिल्या ओळीत सतरंजीवर एक धुतलेला रुमाल पसरला होता, गर्दीच्या गाडीत खिडकीतून टाकतात तसा. आजूबाजूला बायका दाटून बसलेल्या, पण रुमालाला कुणी हात लावला नव्हता. “दोन म्हयने झाले,” सुरेखा कानात म्हणाली, “दर गुरुवारी टाकत्यात. म्हनत्यात, माऊलीनं सांगितलंय, सरू येनार.”

गारखेड्यात सहा वर्षांत सरोजिनीबाईंना ‘सरका’ सगळे म्हणाले होते, ‘या’ कुणी म्हटलं नव्हतं. त्या रुमालावर बसल्या आणि त्याची कडा सारखी करत राहिल्या. प्रश्न राहूनच गेला.

मग काकासाहेबांनी खिशातली पितळी घंटी काढून दोनदा वाजवली. दोन घंट्या म्हणजे गाडी सुटली. आणि सुटलीच! टाळ्या, भजन, त्यातून फुगडी. सुरेखानं सरोजिनीबाईंचे दोन्ही हात धरले. “अगं माझा गुडघा,” एवढं म्हणेपर्यंत पाण्याच्या टाक्या फिरायला लागल्या, वाळत घातलेल्या साड्या फिरायला लागल्या, समोरच्या गच्चीवरचा अँटेना फिरायला लागला, आणि कोण बाई एवढी खिदळतेय म्हणून त्यांनी बघितलं, तर त्या स्वतःच होत्या.

घरी नवऱ्यानं, अनंतरावांनी, चष्म्यावरून पाहिलं. आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस. “गुडघा काय म्हणतोय?”

“त्याला आदेश झालाय.”

“कसला?”

“गप्प बसायचा.”

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हिनं असं उलट उत्तर दिल्याचं अनंतरावांना आठवेना. त्यांनी मुकाट्यानं तेलाची बाटली आणून दिली.

तिसऱ्या गुरुवारी काकासाहेबांनी सगळ्यांदेखत डोळे मिटले. “आज पहाटं माऊली म्हनल्या, सरूला सांग, तू माझी खरी. तू आजवर येक नेम मोडला नाय. येक उपास चुकला नाय.”

गच्चीवर ‘आहाहा’ झालं. दोघी जणी वाकून पाया पडल्या. सरोजिनीबाईंचे कान लाल झाले, गाल लाल झाले, आणि पोटात, अगदी आत, एक बारीकशी काडी मोडल्याचा आवाज झाला.

कारण नेम मोडला होता. पाचोडला.

माऊलीला छापलेलं कॅलेंडर चालत नसे. तिथी ती बोटांच्या पेरांवर मोजायची, आणि तिची पेरं म्हणजे तिच्या भजनी मंडळाचं पंचांग. एका वर्षी पाचोडला भजन होतं. माऊली आणि सरोजिनीबाई बाजाराच्या दिवशी तिथं उतरल्या. पेरांवर दशमी होती, दशमीला एक वेळ खायला हरकत नाही. हॉटेलवाल्यानं कढई चढवली होती. कांदाभजी, तळलेल्या मिरच्या. दोघींनी एक प्लेट संपवली, दुसरी मागवली, आणि खाता खाता सरोजिनीबाईंची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. एकादशी! मधली एक तिथी क्षय झाली होती, गळाली होती, आणि गळालेली तिथी पेरांना कशी कळणार? सरोजिनीबाईंच्या हातातलं भजं हातातच राहिलं. माऊलीनं कॅलेंडरकडं बघितलं. मग प्लेटीत उरलेल्या दोन भज्यांकडं बघितलं. म्हणाली, “आता मोडलाच हाय, तर ह्या दोघांनी काय पाप केलं?” आणि खाल्ली! वर हसली ती इतकी, की हॉटेलवाला पाणी घेऊन धावला. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही, दिवसभर हूं का चूं केलं नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, “देवाला म्या सांगितलंय. मानसाला तू सांगू नको.”

अशी माऊली. ती येऊन म्हणेल, ‘सरू, तू नेम मोडला नाहीस’? ती येईल, तर आधी हसेल.

मग विचारायचं ना? चौथा गुरुवार गेला, पाचवा गेला. सरोजिनीबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना म्हणायच्या, उद्या. कदाचित काकासाहेबांच्या ऐकण्यात चूक झाली असेल. कदाचित माऊलीनं त्यांच्यासमोर लाज राखली असेल. इतकी कारणं त्यांना सुचली, की सुचणाऱ्या डोक्याचंच त्यांना कौतुक वाटलं. आणि घंटी वाजायची दोनदा, आणि टाक्या फिरायच्या.

सोमवारी मात्र सुरेखा आली, ती उड्या मारतच. “ताई, पेढा घ्या! आमच्या मोनिकाचं नाव निघालं!”

“कशात? परीक्षेत?”

“परीक्षेचं काय घिऊन बसलात! काकासायबांना आदेश झाला. खुलताबादच्या त्यांच्या शेतावर मठ होनार, आन् मोनिका तिथली पयली सेविका. जन्मभर. लग्न नाय, नोकरी नाय, नुसती माऊलीची सेवा. येत्या गुरुवारी माळ घालनार तिला.”

पेढा सरोजिनीबाईंच्या हातात तसाच राहिला, त्या भज्यासारखा. “मोनिका काय म्हणते?”

सुरेखाच्या उड्या जरा थांबल्या. “रडती. लहान हाय, समजंल. ह्यांनी बी त्वांड फुगवलंय.” मग तिनं सरोजिनीबाईंचा हात धरला. “पर ताई, मी त्यांना म्हनलं, माऊलीच्या जवळचं कोन? सरूताई. त्या गुरुवारी व्हय म्हनल्या तर माळ घालायची, नाय म्हनल्या तर नाय. तुम्ही पाच गुरुवार येताय, म्हनजे खरंच आसनार. नसतं तर तुम्ही आला असता व्हय?”

सुरेखा गेल्यावर सरोजिनीबाई ओट्याशी उभ्याच राहिल्या. पेढ्याला मुंग्या आल्या.

संध्याकाळी नीरजाचा फोन आला. नीरजा त्यांची मुलगी, अमेरिकेत, युटामध्ये. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची मोठी वस्ती आहे तिथं, त्यांचं चर्च गल्लीगल्लीत.

“आई, आमच्या शेजारच्या आजी सांगितल्या होत्या ना तुला, गणिताच्या टीचर? त्या परत आल्या गं. दीड वर्षानं. घरावर फुगे लावलेत नातवंडांनी.”

“कुठं गेल्या होत्या?”

“एक माणूस होता, गॅरेजची दारं दुरुस्त करायचा. मॉर्मन चर्चमधून फुटला आणि म्हणाला, खरा प्रेषित मी. पन्नासेक लोक घर विकून त्याच्यामागं वाळवंटात गेले. त्यात आजी.”

“गणिताची बाई?”

“मीही तेच विचारलं त्यांना. तर म्हणाल्या, ‘देव आजही माणसाशी बोलतो, असं मला पाळण्यापासून शिकवलं. चर्चमध्ये बसून बसून केस पिकले, पण ऐकू आल्या त्या सूचना. हा एकच जण म्हणाला, काल रात्री बोलला. मग मी वेडी म्हणून नाही गेले, शिकवलेलं खरं मानलं म्हणून गेले.’”

सरोजिनीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिला कान गरम झाला होता. “आणि परत कशा आल्या?”

“सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता म्हणे, पहिल्या आठवड्यापासून, हा खरा कशावरून? कुणी विचारत नव्हतं. रोज गाणी, नाच, सगळे एकमेकांना मिठ्या मारतायत. त्यांना वाटायचं, विचारलं तर एवढी मजा मोडेल. शेवटी यांनी विचारलं.”

“मोडली?”

“मोडली. पण आई, त्या म्हणाल्या, गाणी मोडली नाहीत. ती आता अंगणात म्हणतात. बेसूर! मी खिडकी लावून घेते.”

सरोजिनीबाई एवढ्या मोठ्यांदा हसल्या, की अनंतराव बाहेरच्या खोलीतून आले. “काय झालं?”

“काही नाही हो. युटात गुरुवार आहे.”

“आज सोमवार आहे.”

“तेच ते.”

गुरुवार उजाडला. सरोजिनीबाईंनी नेमाप्रमाणं तुळशीला पाणी घातलं, एकशे आठ नामं घेतली, दूध-भाकरी खाल्ली. मग, आयुष्यात प्रथमच, भिंतीवरचं कॅलेंडर, पोथीतलं पंचांग आणि अनंतरावांचा मोबाइल अशा तीन ठिकाणी तिथी बघितली. तृतीया. काही हरकत नव्हती. गुडघ्याला पट्टा बांधला, घट्ट, फुगडीचा. प्रश्न विचारून झाल्यावर फुगडी होईल की नाही, कोण जाणे. पण पट्टा बांधलेला बरा.

आणि खरं सांगायचं तर, मनात एक वेडी आशा अजून उड्या मारत होती. समजा, काकासाहेब डोळे मिटतील. समजा, म्हणतील, ‘कांदाभजी. आन् वर तळलेल्या मिरच्या.’ अरे देवा! मग तर सरोजिनीबाई दोन घंट्यांची वाटच बघणार नाहीत, आधीच फुगडी धरतील. पण मोनिकाला माळ? ते तर माऊलीनं स्वतः येऊन सांगितलं तरी त्या माऊलीशीच भांडतील, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. कळलं आणि फार हलकं वाटलं. तरी विचारायचं होतंच. वचन ते वचन.

“आज लवकर?” अनंतराव पेपरातून म्हणाले.

“सभेच्या आधी पोचायचंय. घंटी वाजली की मग मला काही सुचत नाही.”

“फुगडी?”

“एक विचारायचं राहिलंय त्यांना.”

अनंतरावांनी पेपर खाली ठेवला. “मी येऊ?”

“नको. तुम्ही मध्ये तुमचं गुरुत्वाकर्षण काढाल.”

त्यांनी देवापुढच्या वाटीतलं तुळशीचं एक पान उचलून जिभेवर ठेवलं, पदर खांद्यावरून नीट घेतला, कपाटातून एक धुतलेला रुमाल काढला. घडी घालून पिशवीत टाकला. मोनिका गच्चीत येईल तेव्हा तिला आपल्या शेजारी, देवाच्या गाडीतली खिडकीकडची जागा धरायची होती. मग दार आवाज न करता ओढून घेतलं आणि एकेका पायरीवर उजवा पाय आधी टेकवत, ओठांतल्या ओठांत ते चार शब्द घोळवत, सरोजिनीबाई जिना उतरू लागल्या.