रुपचंदच्या ट्रकची ब्रेकनळी

मी ब्रेकची नळी बोलतेय. हसू नका. गाडी म्हटली की लोकांना इंजिन आठवतं, हॉर्न आठवतो. चाकामागे चिखलात लोंबणाऱ्या हातभर रबराला कोण विचारतो? पण ड्रायव्हरच्या पायाचा निरोप चाकाला मीच पोचवते. पाय चिडलाय की घाबरलाय, सगळं मला कळतं.

माझा पहिला ड्रायव्हर रुपचंद, चोपड्याजवळच्या खेड्यातला. सरकीचा ट्रक घेऊन सातपुड्याचा घाट चढायचा-उतरायचा. पाय इतका हलका की मला कधी त्रास म्हणून झाला नाही.

श्रावणातला कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशच्या देवीचा, रविवार होता. घरोघरी नैवेद्याचे जाड रोट झाले होते. कानबाईचा रोट भाऊबंदांनीच खायचा, आणि तो पानात असताना घरच्यानं उठून जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नेमका ट्रकमालकाचा सांगावा आला, माल घेऊन लगेच निघ. ट्रक दारातच सुरू होता, म्हणून मी सगळं ऐकलं. बायको यशोदाबाई आडवी आली, शब्दानं शब्द वाढला आणि शेवटी ती बोलून गेली, "जाय. परत येऊ नको." रुपचंद उपाशीच निघाला.

संध्याकाळी ट्रक दरीत सापडला, आणि त्यात रुपचंदचा देह. घाटात काय झालं ते मी पाहिलंय. सांगते, जरा दम धरा.

गावात दोन बोलणी सुरू झाली. कुणी म्हणे ब्रेक फेल झाला. कुणी दबक्या आवाजात म्हणे, भांडून गेला होता, त्यानंच गाडी सोडून दिली. यशोदाबाईनं पहिलं बोलणं घट्ट धरलं. ट्रक भंगारात तोडला तेव्हा तिनं मला मागून घेतलं आणि घरात खुंटीला टांगलं. हीच फुटली असेल, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. कुणी तपासून बघितलं नाही, आणि तिलाही ते नकोच होतं. येता-जाता ती माझ्याकडे सवतीकडे बघावं तसं बघायची. मी सोसलं. त्या बाईला राग धरायला कुणीतरी हवंच होतं ना!

तीनेक वर्षांनी रुपचंदचा चुलतभाऊ लोटन दारात आला. त्यानं लिलावातली मिलिटरीची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली होती, नाल्यापलीकडच्या मळ्यातून केळी काढायला. नाल्यात पोट घासतं म्हणून पठ्ठ्यानं स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून गाडी चार बोटं उंच केली. गाडी उंच झाली, पण ब्रेकची नळी राहिली आखूडच! चाक खड्ड्यात लोंबलं की ती बिचारी बैलानं ओढलेल्या दाव्यासारखी ताणली जायची. झिपरू मिस्त्रीनं गाडीखाली डोकं घातलं आणि सांगितलं, ही एक दिवस तुटणार, आणि मागे बसलेल्या मजूर बाया नाल्यात जाणार. जळगाव झालं, धुळं झालं, लांब नळी मिळेना. मग मिस्त्रीला मी आठवले. माझी लांबीही पुरत होती आणि आटेही जुळत होते.

पण मेलेल्याच्या गाडीचं सामान घरच्यांच्या हातून घ्यावं, नाहीतर तो मागे लागतो, असं ड्रायव्हर लोक मानतात. म्हणून लोटननं मान खाली घालून मला तिच्याकडेच मागितलं. यशोदाबाईनं मला खुंटीवरून काढलं आणि म्हणाली, फुटकी नसली तर ने, दुसऱ्या कुणाच्या घरी असं नको व्हायला. आणि मला घेऊन स्वतः त्याच्याबरोबर गॅरेजला आली.

झिपरूनं मला वाकवून, पिळून पाहिलं आणि बसवलं. चाक खाली लोंबू दिलं, डावी-उजवीकडे वळवलं. मी ताणली गेले नाही की टायरला घासले नाही. आता ब्रेकमधली हवा काढायची होती. मिस्त्री चाकाशी, लोटन ऑइल ओतायला. पायडल दाबायला कुणीच नव्हतं. यशोदाबाई लुगडं सावरून वर चढली आणि ड्रायव्हरच्या जागी बसली.

"दाब. धर आता," मिस्त्री खालून म्हणाला.

तिनं धरलं. इतक्या वर्षांनी माझ्यावर पाय आला, आणि तोही त्या घरचा. माझ्या रबरात मुरलेला रुपचंदचा पाय जागा झाला. पायडल दगडासारखं घट्ट झालं.

"वहिनी, नळी एक नंबर शे," लोटन खुशीत बोलला. "कुठेच फुटेल नही."

यशोदाबाईचा पाय तसाच राहिला. "मंग त्यासनी ब्रेक दाबाच नही?"

लोटननं जीभ चावली. नळी धड होती, म्हणजे गावातलं दुसरं बोलणंच खरं ठरत होतं.

त्यानंतर लोटनची गाडी मी किती वर्षं थांबवली! उतारावर तो घामाघूम व्हायचा. म्हणायचा, मी पाय ठेवायच्या आत पायडल खाली जातं. लोक त्याला हसायचे. तो खोटं सांगत नव्हता.

आता लोटनकडे नवा टेम्पो आहे. ही गाडी केळीच्या बांधाला उभी आहे आणि मला भेगा पडल्या आहेत. दरवर्षी कानबाईला यशोदाबाई येते. रोटाचा तुकडा त्या पायडलवर ठेवते आणि हळूच म्हणते, "खाई ल्या." मग रोटाला मुंग्या लागेपर्यंत बसून राहते. माझ्यापासून हातभर अंतरावर बसते हो, आणि मला तिच्याशी एक शब्द बोलता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. घाट उतरताना रुपचंदचा राग केव्हाच गेला होता. तो एकटाच पुटपुटत होता, की लवकर परतू, रोट खाऊ, तिची समजूत काढू. वळणावर समोर खचलेला रस्ता दिसला आणि तो माझ्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला. मी जीव तोडून धरलं. चाकं थांबली. ट्रक थांबलासुद्धा! मग चाकांखालची रस्त्याची ओली कड सुटली.

चोपड्याकडे कधी गेलात तर त्या बाईला एवढं सांगा, माझ्या भेगा उलायच्या आत. म्हणावं, त्यानं ब्रेक दाबला होता. त्याला परत यायचं होतं.