डबीत मिटलेला चष्मा

मी चष्मा बोलतोय, औषधांच्या दुकानदाराच्या नाकावरचा. अकरा वर्षं तिथे बसून संशय माझ्या अंगात मुरलाय. मालक डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं अक्षर न् अक्षर लावायचे, बाटलीवरची तारीख दोनदा बघायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, माझ्याशिवाय खोकल्याची साधी गोळीसुद्धा कुणाच्या हातावर पडत नसे.

फक्त कर वाचवून देणारा सल्लागार आला की माझं काम संपायचं. तो काउंटरवर कागद पसरायचा आणि मला स्वतःच्या हाताने उचलून, मिटून डबीत ठेवायचा. "काका, डोळ्यांना कशाला त्रास? पिवळी चिठ्ठी लावलीय तिथे सही करा. मी आहे ना!"

मला दात असते तर मी दातओठ खाल्ले असते. ज्याला वाचू द्यायचं असतं, तो चष्मा काढून घेतो का?

योजना म्हणे सागाच्या बागेची. बागेत पैसे घाला, कर कमी भरा.

"अहो, एकदा वाचून तरी बघा," मालकीणबाई म्हणाल्या.

"अगं, डॉक्टरचं निदान पेशंट तपासतो का?"

"मग तुम्ही चिठ्ठ्या कशाला तपासता?"

"ते निराळं." मालकांनी सही ठोकली. असं चार वर्षं चाललं.

मग कर खात्याची नोटीस आली. बागेत एकही झाड नव्हतं. बुडवलेला कर मालकांनी कसाबसा भरला, पण वरचा दंड भरायचा तर दुकानच जाणार होतं. सुनावणीत ते कळवळून म्हणाले, "मी जाणकारावर विश्वास ठेवला, यात माझं काय चुकलं?"

अधिकारी बाईंनी एक कागद पुढे सरकवला. "सही तुमचीच ना? तिच्या वरचं वाचा."

मालकांनी मला डोळ्यांवर चढवलं. ते पान आम्ही दोघंही पहिल्यांदाच बघत होतो. 'या योजनेत सल्लागाराचा हिस्सा आहे, हे मला माहीत आहे. मी दुसऱ्या जाणकाराला विचारूनच सही करत आहे.' त्यांनी ते दोनदा वाचलं. मला त्यांची फार कीव आली आणि रागही आला.

दंड कायम राहिला.

आज दुकानातली कपाटं रिकामी आहेत. जागेच्या एका दलालाने काउंटरवर कागद पसरलेत. "काका, वाचत कसले बसता? मी आहे ना!" असं म्हणत त्याने मला उचलायला हात पुढे केला. मी घाबरलो. पण मालकांनी तो हात मधेच धरला.

"बसा. वेळ लागेल."

तुमच्या नाकावरून मला कुणी उचलायला लागलं, तर तुम्हीही त्याचा हात धरा. मालक आता एकेक ओळ बोट ठेवून वाचतायत. चिठ्ठ्या सोडल्या, तर इतका नीट वाचलेला हा त्यांचा पहिलाच कागद, आणि तो दुकान विकल्याचा.