करंगुटकर आणि इतर

खाडीचा चिमूटभर चिखल बोटांत चोळून सहदेव करंगुटकर सांगायचा, हा विक्रोळीकडचा की मुलुंडकडचा. बारा वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. मुलुंडच्या जलधी संशोधन केंद्रात तो त्र्याहत्तर साली लागला. तेव्हापासून केंद्राचे एकवीस शोधनिबंध छापून आले. त्यातल्या सतरांसाठी चिखलात उतरला तो सहदेव, बाटल्या भरल्या त्याने, आकडे काढले त्याने. नाव मात्र तिसरं, नाहीतर चौथं. पहिलं नाव कायम डॉ. चंद्रप्रकाश नाबर, संचालक. नाबरांच्या बुटांना चिखल शेवटचा कधी लागला, ते केंद्राच्या शिपायालाही आठवत नव्हतं.

पहिल्या नावात असं काय असतं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. असतं. जगात कुणी तुमच्या कामाचा दाखला दिला, तर 'नाबर आणि इतर' एवढंच छापतात. बारा वर्षं सहदेव त्या 'इतर'मध्ये पडून होता. बढतीच्या अर्जात एक रकाना असतो: प्रथम लेखक म्हणून किती निबंध? त्यात शून्य लिहून तो तीनदा मुलाखतीला गेला आणि तीनदा तसाच परत आला. त्याच्या मागून लागलेली पोरं त्याला आता 'अरे करंगुटकर' म्हणायची. सवयच लागली होती त्याला. नियतकालिकाचा नवीन अंक आला की आधी नावांची ओळ बघायची, मग तोंड कडू करून कपाटात टाकायचा.

ब्याऐंशी साली नाबरांनी त्याला खाडीतल्या पाऱ्याचं काम दिलं. होडी लागणार होती. खाडीकाठच्या गावठाणातला डेनिस आपली होडी घेऊन आला. त्याचा बाप, आजा, सगळे याच खाडीवर जगलेले. पहिल्या दिवशी सहदेव टेचात भरतीच्या वेळी बाटल्या घेऊन उभा राहिला, तर डेनिस हसायला लागला.

"साहेब, आता काय बगता? भरतीला खाडी तोंड धुऊन बसते. ओहोटीला या. नाला सोडतात तवाच. मग बगा तिचं तोंड."

नाला म्हणजे रंगाच्या कारखान्याचा. सहदेव ओहोटीला आला आणि बघतच राहिला. पाण्यावर तवंग, काठावर शिंपल्या तोंड वासून मेलेल्या, आणि निवट्या मासळ्या, ज्या चिखलात टणाटण उड्या मारतात, त्या हाताने उचलाव्यात अशा सुस्त पडलेल्या. तेव्हापासून दोन वर्षं, दर पंधरवड्याला, त्याच सहा जागा. भरतीचा नमुना वेगळा, ओहोटीचा वेगळा. भरतीचे आकडे निमूट असायचे. ओहोटीचे आकडे पहिल्यांदा काढले तेव्हा त्याला वाटलं यंत्र बिघडलंय. त्याने पुन्हा काढले. यंत्र ठीक होतं.

गावठाणाने कारखान्याविरुद्ध सरकारात अर्ज टाकला होता. डेनिसचा भाऊ विन्सेंट, जाळं विणण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, त्याचे हात आता असे थरथरायचे की चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागायचा. डॉक्टर म्हणाला दारू. विन्सेंट नाताळला वाईनचा घोट घ्यायचा, तेवढीच त्याची दारू.

"तुमचा कागद छापून येऊ द्या," डेनिस म्हणायचा. "अर्जाला जोडतो. आमचं कोण ऐकतंय? छापलेलं ऐकतील."

"आणून देतो रे. माझा शब्द."

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये नाबरांनी त्याला खोलीत बोलावलं. समोर टाइप केलेला निबंध.

"करंगुटकर, या वेळी पहिलं नाव तुमचं."

सहदेवने पहिलं पान बघितलं. एस. करंगुटकर. त्याच्या खाली नाबर. खरंच खाली.

"आकड्यांची टेबलं मी थोडी आटोपशीर केलीत," नाबर म्हणाले. "नियतकालिकवाल्यांकडे जागा कमी असते. नजर टाका आणि सही करा, आजच्या टपालात जाईल."

सहदेवने नजर टाकली. म्हणजे पानं उलटली. आकडे त्याचेच होते, एकूण एक. ओळखीच्या गर्दीत आपलीच माणसं दिसावीत तसे दिसले. मग तो परत पहिल्या पानावर आला आणि सही केली. बारा वर्षं उपाशी ठेवलेला माणूस पानात काय वाढलंय ते बघत नाही. पण म्हणून त्याला माफ करायचं कारण नाही. वाचणं हाच त्याचा धंदा होता.

सहा महिन्यांनी छापील प्रती आल्या. घाटकोपरला हाउसिंग बोर्डाच्या खोलीत त्याच्या बायकोने, रत्नप्रभाने, एक प्रत देवापुढे ठेवली, वर कुंकू लावलं. "आता तरी देतीत मां ओ बढती?" तिने विचारलं. "देतीत," तो म्हणाला, आणि दुसरी प्रत घेऊन तडक गावठाणात गेला.

डेनिसने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि बायकोकडे दिला. सेराफिना नववीपर्यंत कॉन्व्हेंटात शिकलेली. घरातलं इंग्रजी ती वाचायची, बँकेचं असो की बिशपचं. ती पायरीवर बसून वाचत गेली, बोट फिरवत. सहदेव चहा पीत होता. नाव कुठे आहे ते तो तिला दाखवणारच होता.

"साहेब, हे एच. टी. म्हंजे काय?"

"हाय टाइड. भरती."

"मग सगळीकडे एच. टी.च हाय. ओहोटी कुटं हाय?"

"पुढच्या टेबलात बघ."

"पुढचा टेबल नाय. पुढं लिवलंय..." तिने बोट थांबवलं. "लिवलंय, खाडीतला पारा धोक्याच्या खूप खाली हाय. शिंपल्या खायला चांगल्या."

सहदेवने कागद हिसकावून घेतला. आकडे त्याचेच. एकूण एक खरे. फक्त अर्धे. ओहोटीचे दोन वर्षांचे नमुने गाळलेले, आणि उरलेल्यावर ते वाक्य. त्या वाक्यावर पहिलं नाव त्याचं.

"आमच्या अर्जाला हाच जोडू?" डेनिसने विचारलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहदेव नाबरांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"ओहोटीचे आकडे कुठे गेले?"

"एक तरी आकडा खोटा छापलाय का, दाखवा."

"मी विचारतोय ओहोटीचे कुठे गेले?"

"ते पुढच्या निबंधाला ठेवलेत. सगळं एकदम देतात का?" नाबरांनी चष्मा पुसला. "आणि सही तुमची आहे, करंगुटकर. मी तर दुसरा लेखक."

"माझ्या वह्या द्या."

"वह्या केंद्राच्या आहेत. कपाटात आहेत. चावी माझ्याकडे राहील."

केंद्राच्या नव्या प्रयोगशाळेच्या दारावर त्या रंगाच्या कारखान्याच्या देणगीची पितळी पाटी होती. सहदेव रोज तिच्याखालून जात होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. वाचायला त्याला नेहमीच उशीर व्हायचा.

शहाऐंशीच्या जानेवारीत गावठाणाच्या अर्जाची सुनावणी लागली. रत्नप्रभा म्हणाली, जाऊ नका, मुलाखत तोंडावर आहे. तो गेला. एवढं त्याच्या बाजूने लिहायलाच हवं.

चौकशी अधिकारी, कारखान्याचा वकील, मागच्या बाकावर डेनिस, सेराफिना आणि हात मांड्यांखाली दाबून बसलेला विन्सेंट. वकिलाने सहदेवचाच निबंध काढला. चकचकीत कागद, वाक्याखाली लाल रेघ. अर्जदारांच्या बाजूने सहदेव उभा राहिला आणि सगळं बोलला. ओहोटी, नाला, गाळलेले नमुने, सही. एका दमात बोलला, आणि घाबरला नाही.

वकील उठला. "हे एस. करंगुटकर आपणच?"

"हो."

"पहिलं नाव आपलं?"

"हो."

"सही करताना कुणी गळा धरला होता?"

"नाही."

"ओहोटीचे हे जे आकडे आपण म्हणता, ते कुठे छापलेत?"

"छापले नाहीत. वहीत आहेत."

"वही?"

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने पेन खाली ठेवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "असं आहे करंगुटकर, तुमच्या तोंडी बोलण्यावर मी तुमचाच छापील निबंध कसा खोडू? मला छापलेलं द्या."

अर्ज निकालात निघाला. निकालपत्रात दाखला होता: 'करंगुटकर आणि इतर, १९८५'.

त्याने नियतकालिकाला पत्र लिहिलं, निबंध मागे घ्या. उत्तर आलं, असं पत्र संस्थाप्रमुखांमार्फत यावं. संस्थाप्रमुखांनी, म्हणजे नाबरांनी, ते फाइलला लावलं.

सहदेवला वाटलं, आता नोकरी जाणार. मनातून तो वाटच बघत होता. हाकलून दिलं असतं, तर निदान एवढं सिद्ध झालं असतं, की तो काहीतरी बोलला होता. पण नाबर मुरलेले. त्यांनी त्याला मेमोसुद्धा दिला नाही. त्या निबंधाचा पहिला लेखक केंद्रात सुखाने नांदायला हवा होता. एप्रिलमध्ये बढतीची मुलाखत झाली. प्रथम लेखक म्हणून किती? एक. पाच मिनिटांत उठवलं. बढती मिळाली.

त्याने ती नाकारली नाही. एक दिवस पत्र खिशात ठेवलं, दुसऱ्या दिवशी रुजू झाला. रत्नप्रभाने पेढे वाटले. शेजारचे धोंडिराम काका म्हणाले, "देर है पण अंधेर नाय रे, सहदेवा." सहदेवने पेढा तोंडात धरून ठेवला.

गावठाणाकडे तो फिरकला नाही. दिवाळीच्या आसपास मुलुंडच्या बाजारात सेराफिनाच समोर आली. टोपलीत बोंबील, कोळंबी. तिने त्याला बघितलं, त्यानेही बघितलं, आणि आता वळून जाणं शोभणार नव्हतं.

"डेनिस कसाय?"

"साकीनाक्याला जातो, वर्कशॉपात. होडी काढली इकून."

"आणि विन्सेंट?"

"आता कपडे पण मीच घालते त्याला." तिने कोळंबीवर पाणी शिंपडलं. "घ्या ना साहेब. भाऊच्या धक्क्यावरनं आणलीय. खाडीची नाय."

"खाडीची विकत नाहीस?"

"विकली की. तुमचा कागद प्लास्टिकात घालून इतंच लावला होता, शिंपल्या चांगल्या म्हनून. बायका वाचायच्या, वास घ्यायच्या आनि जायच्या पुडं." ती मोकळेपणाने हसली. "कुनाचाच इश्वास नाय हो बसला. त्या हापिसरचा बसला तेवडाच."

तिने दोन वाटे कोळंबी पानात बांधून त्याच्या हातात दिली. त्याने घेतली. पुढची बाई भाव विचारत होती, सेराफिना तिच्याकडे वळली. सहदेव अजून तिथेच उभा होता, तेव्हा त्या बाईने त्याला कोपराने बाजूला सारलं.