मांडीवरचा

धोंडुबाई घरात आल्याच नाहीत. पायरीवर बसूनच म्हणाल्या, "ताई, उद्या चौकशीत सायबानं इचारलं तर पोरगं पाचाच्या आतलं हुतं म्हणा. तेवढं लेकरू मोजत न्हाईत, असं ठेकेदार म्हनतोय. न्हाईतर परवाना जाईल आनि आमचं मालक आत जातील."

त्यांचे मालक, म्हणजे नवरा, पिराजी. गडहिंग्लजच्या बाजूला एका तलावावर ते ठेकेदाराची भाड्याची बोट चालवायचे. मे महिन्यात त्या बोटीतून पडून माझा मुलगा मल्लेश गेला. त्याला एकोणीस दिवस झाले होते.

"जावा तुम्ही. ती सांगंल तसं," आतून माझे यजमान, शिवकुमार, म्हणाले. त्या गेल्यावर मला हळूच म्हणाले, "बोटीत नऊ माणसं होती म्हटलीस की पुढचा प्रश्न येणार, त्याला बसवलं कुणी? सगळ्या पेठेत तुझं नाव होईल."

कुणी बसवलं, ते त्यांनाही माहीत होतं.

धक्क्यावरची पाटी त्या दिवशी मीच वाचली होती. कुठेही गेलं की पाट्या वाचणारी, निघताना गॅस दोनदा बघणारी मी. सासूबाई म्हणायच्या, "हिला कालेजात ह्येच शिकवलं वाटतं." पाटीवर लिहिलं होतं, प्रवासी आठ, प्रत्येकाला जाकीट सक्तीचं. आम्ही घरची आठ मोठी माणसं. पिराजींनी मल्लेशकडे बोट केलं.

"नऊ हुत्यात, पावणं. आट म्हंजी आट. जाकिटं बी आटच हाईत. दोन खेपा करू की."

दोन खेपा म्हणजे निम्मी माणसं उन्हात काठावर. शिवाय परतीची एसटी चुकणार.

"अहो, मांडीवरचा आहे तो," मी म्हणाले. "त्याला कोण मोजतं?"

वाक्य जिभेवर तयारच होतं. त्याच सकाळी कंडक्टरलाही हेच म्हणाले होते. पाचाच्या आत तिकीट नसतं. मल्लेशला पाच पुरी होऊन दोन महिने झाले होते, आणि तो भर गाडीत ओरडला, "मम्मी, मी पाचाचा झालोय की!" मी त्याला चिमटा काढला. सगळी गाडी हसली.

पिराजी दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा सासूबाईही बोलल्या, तेव्हा त्यांनी दोर सोडला.

मी एकेकाच्या जाकिटाच्या पट्ट्या ओढून बघितल्या. माझं त्याला घालावं असं मनात आलं होतं, पण ते त्याच्या डोक्यावरून निसटलं असतं. आणि तो माझ्या मांडीवर, माझ्या दोन्ही हातांत होता. मध्यावर गेल्यावर दीर फोटोसाठी उभे राहिले. सगळे एका अंगाला झुकले.

पाण्यात जाकिटानं मला वर ओढलं. तो खाली राहिला.

चौकशीला अधिकारी मवाळ होते. कागदावरून बोट फिरवत म्हणाले, "प्रवासी आठ, परवान्याप्रमाणे. एक लहान मूल मांडीवर, पाचाच्या आतलं. बरोबर ना, बाई?"

शिवकुमार खिडकीबाहेर बघत होते. पिराजी दाराशी उभे, टोपी हातात चुरगाळलेली. फक्त मान हलवायची होती.

"पाच वर्षं दोन महिने," मी म्हणाले.

कारकुनाचं पेन थांबलं.

"नऊ लिहा. पिराजी दोन खेपा करू म्हणाले होते, तेही लिहा. त्याला मोजू नका असं मीच म्हटलं."

कारकुनानं आठ खोडून नऊ केलं. अधिकाऱ्यांनी नाव विचारलं. मल्लेश शिवकुमार, असं मी सावकाश सांगितलं. व्हरांड्यात धोंडुबाई मोठ्यानं रडत होत्या. जाताना त्यांच्यासमोरून जावं लागलं. त्यांनी वर बघितलं नाही.

परतीच्या एसटीत कंडक्टर आला तेव्हा शिवकुमारांनी दोन बोटं दाखवली. माझे हात मांडीवर होते, एकात एक घट्ट अडकवलेले, मध्ये मुलाएवढी जागा सोडून.