पट्ट्याची भोकं

“जीभ बाहेर काढा,” मी म्हटलं.

“दुखतायत पाय, आणि बाईंना बघायचीय जीभ!” क्विरिन खेकसला. “पाऊण तास झाला, वाल्बुर्गाबाई. झोप कशी, भूक कशी, पोट साफ होतं का. आता लग्नाचंही विचारून घ्या.”

“तेही विचारणारच आहे. काढा जीभ.”

निसर्गोपचारासाठी पहिल्यांदा येणारा माणूस असाच वैतागतो. डॉक्टर सात मिनिटांत मोकळं करतात, मी दीड तास बसवून ठेवते. जर्मनीतल्या आल्गॉयच्या या डोंगरी गावात तेवीस वर्षं माझं हेच चाललं आहे. लोक मला चौकस म्हणतात, म्हणोत बापडे. माणूस आधी नुसती तक्रार सांगतो. खरं काय ते तासाभराने बाहेर येतं.

क्विरिन चीजच्या कारखान्यातला. तळघरात पिकत ठेवलेली चीजची तीस-तीस किलोची चाकं तो उभं आयुष्य उलटत आला होता. आता चार उलटली की बसावं लागत होतं. त्याला माझ्याकडून एकच हवं होतं, गुडघ्यांवर गार पाण्याची धार. त्याच्या आईला म्हणे त्या धारेने गुण यायचा.

जीभ बघता बघता माझं लक्ष त्याच्या पट्ट्याकडे गेलं. नेहमीच्या भोकांच्या पुढे आणखी तीन होती, वेडीवाकडी, घरी टोच्याने पाडलेली.

“ही कधी पाडली?”

“पहिलं, गुरं डोंगरावर चरायला गेली तेव्हा. शेवटचं गेल्या रविवारी.”

गुरं उन्हाळ्याच्या सुरुवातीला वर जातात, आणि ती अजून खाली उतरायची होती. एका उन्हाळ्यात तीन भोकं.

“रात्री घाम येतो?”

“चादर बदलावी लागते. उकडतंय ना.”

“उकडतंय? पहाटे गवतावर दव गोठतंय, क्विरिन.”

मी कागद ओढला आणि डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: वजन झपाट्याने उतरतंय, याच आठवड्यात तपासा. पाकिटात घालून त्याच्यापुढे टेबलावर ठेवली.

“आणि धार?”

“आधी डॉक्टर. मग धार.”

“झेंझीला चार महिने नळ्या लावून ठेवल्या त्यांनी,” तो म्हणाला. झेंझी त्याची बायको. “वाचली का? मी नाही जायचा तिथे. तुम्ही नाही दिलीत तर पलीकडच्या गावातला देईल. तो असल्या चौकशा करत नाही!”

देईलही, आणि महिनोन्‌महिने देत राहील. मग पंधरा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते मी त्याला सांगितलं.

“माझी बहीण आफ्रा अशीच वाळत चालली होती. सहा महिने मीच तिला धारा दिल्या. दर वेळी तिचे गाल लाल व्हायचे, ‘बरं वाटतंय गं’ म्हणायची, आणि मी मूर्ख हुरळून जायचे. गार पाण्याने कुणाचेही गाल लाल होतात, क्विरिन. मी तिला डॉक्टरकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.”

मी पाठ फिरवून नळाशी उगाच हात धुऊ लागले.

“मग दारावरची पाटी तरी काढून टाका,” तो म्हणाला, आणि दार आपटलं.

वाटलं, गेला हातचा. त्याचं खरंच होतं, अशा हातांनी पाटी कशाला लावावी? बऱ्याच वेळाने मी खिडकीशी गेले.

समोर ओढ्याच्या पाण्याचा हौद आहे. गावातली म्हातारीकोतारी पायदुखीवर उपाय म्हणून त्यात बगळ्यासारखी पाय उचलत फेऱ्या मारतात. क्विरिन त्यात एकटाच चालत होता, विजार गुडघ्यांपर्यंत दुमडलेली, एका हाताने ती कमरेशी धरलेली. बाकावर त्याचे बूट होते. वाऱ्याने उडू नये म्हणून डाव्या बुटाखाली पांढरं पाकीट दाबून ठेवलं होतं.

मी वळून टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं होतं.

पाण्यातून निघाल्यावर पाय पुसायचे नसतात, लगेच लोकरी मोजे चढवायचे असतात. हा ते आणणार थोडाच! मी खालचा खण उघडला, आफ्राने स्वतःसाठी विणलेले राखाडी मोजे काढले आणि बाहेर गेले.

त्याने ते घेऊन ओल्या पायांवर चढवले. एवढ्या आडदांड गड्याला ते घट्ट होतील, असं मला वाटलं होतं. पोटऱ्यांवर ते ढिले पडले.