सोनेरी सिंहावरचं घुबड

आमच्या हॉटेलाचं नाव 'सोनेरी सिंह'. आमच्या फ्रेंच भाषेत हे नाव भरभर म्हटलं की 'अंथरुणात झोप लागते' असं ऐकू येतं, म्हणून देशात दर चार गावांमागे एक तरी सोनेरी सिंह सापडायचा. बाबा हा विनोद प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाईक मागच्या तीन सोनेरी सिंहांत तो ऐकूनच आलेलं असायचं, तरी हसायचं. माणसं तेव्हा सभ्य होती.

त्या काळी लियोंकडून दक्षिणेला समुद्रावर जाणारी माणसं हॉटेलांची माहिती देणारं पिवळं पुस्तक मांडीवर घेऊनच निघायची. नवरा गाडी चालवायचा, बायको वाचायची. गाडीच्या टपावर बांधलेल्या खाटा, पाळणा, मासे धरायच्या काठ्या. दारात गाडी थांबली तरी कुणी पटकन उतरायचं नाही. आधी पुस्तकात बघायचे, मग आमच्याकडे, मग परत पुस्तकात. एकदा एक बाई आईला म्हणाली, "तुमचं हे अक्रोडाचं झाड पुस्तकात दिलेलं नाही." आईने तिची माफी मागितली होती.

पुस्तकात आमच्या नावापुढे दोन काटे छापलेले असत, म्हणजे जेवण चांगलं. आणि त्यांच्या शेजारी एक झोपलेलं घुबड, म्हणजे जागा अत्यंत शांत. काटे बाबांच्या हाताचे होते. घुबड मात्र चुकून आलं होतं. पुस्तकाचे तपासनीस आल्यावर नाव सांगत नसत; सांगितलंच तर बिल चुकतं केल्यावर. एकटे येत, जेवत, झोपत, निघून जात. आमच्याकडे तो कधी येऊन गेला ते कळलंच नाही, पण तो आला त्या आठवड्यात चर्चच्या घंटेचा दोर तुटलेला असणार आणि बालिवे लोहाराचा हात गळ्यात बांधलेला असणार. एरवी आमच्या व्हाल्प्रे गावात मेलेला माणूससुद्धा कुशीवर वळला असता, इतका गोंगाट.

गावातल्या म्हाताऱ्यांना ते घुबड मुळीच आवडलं नाही. त्यांच्या लहानपणी घुबड मारून कोठाराच्या दारावर खिळ्याने ठोकत, अपशकुन टळावा म्हणून. "घरावर घुबड बसलं आणि बाई मेडल मिळाल्यासारखी मिरवतेय," असं विधवा तिसो पाठीमागे म्हणायची.

पण आईला पर्याय नव्हता. नवा रुंद रस्ता गावाला वळसा घालून गेला होता. आता आमच्याकडे वळायचं ते फक्त पुस्तक बघून, आणि तेही घुबडासाठी. दोन काटे काय, पुढच्या गावातही होते. घुबड गेलं असतं तर सोनेरी सिंहाला टाळं लागलं असतं आणि आम्ही तिघं लियोंला मावशीच्या धोबीखान्यात चादरी पिळत बसलो असतो. मावशीने आमच्यासाठी तीन अॅप्रनसुद्धा शिवून ठेवले होते. तशी ती प्रेमळ होती.

म्हणून आईने गाव गप्प करायला घेतलं.

पहिले पाद्रीबाबा. दर रविवारी मद्यात शिजवलेला कोंबडा कबूल करून तिने घंटेच्या लोलकाला बाबांचा जुना फ्लॅनेलचा पायजमा गुंडाळून घेतला. घंटा त्यानंतर खोकल्यासारखी वाजू लागली, आणि लोक प्रार्थनेला अंदाजाने यायला लागले. मग बालिवे. तो जुनी गिऱ्हाइकं निघून गेलेली आणि नवी अजून रस्त्यात असतील तेवढ्या वेळात घोड्यांना नाल ठोकायला लागला, म्हणजे संध्याकाळच्या आत. तिसोबाईच्या लाकडी खडावा काढून घेऊन आईने तिला स्वतःच्या सपाता दिल्या. कोंबडा शेजारच्या गावी दत्तक गेला. लोक त्या लहानशा गावात कुजबुजत बोलायला लागले, आणि सवयीने शेतातही कुजबुजायचे, बैलांशीसुद्धा.

राहिले होते पत्ते. आमच्या बारच्या कोपऱ्यात रोज संध्याकाळी चौघं बेलोत खेळत: माझा गास्पार मामा, बालिवे, पाद्रीबाबा आणि पोस्टमन. या खेळात हुकमाचे राजा-राणी एकाच्या हाती आले तर त्याला वीस गुण जास्त मिळतात. पण पहिलं पान टाकताना 'बेलोत' आणि दुसरं टाकताना 'रबेलोत' असं मोठ्याने म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर गुण गेले. आमच्याकडे माणूस लग्नाच्या वेळी 'हो' म्हणायला अडखळेल, पण बेलोत म्हणताना छातीचा भाता करतो. आणि गास्पार मामाचा आवाज असा, की नदीपलीकडच्या लोकांना त्याच्या हातातली पानं कळायची.

"ताई, तू माझी जीभ काप," मामा आईला म्हणाला, "पण बेलोत मनातल्या मनात कशी म्हणू?"

"कान धर," आई म्हणाली. "उजवा कान म्हणजे बेलोत, डावा म्हणजे रबेलोत."

"आणि खाज सुटली तर?"

"तर नाक खाजव."

मामाने ऐकलं. आईवर त्याचा फार जीव होता. दोन वर्षं चौघं कान धरून खेळले.

मग एका जून महिन्यात एक बारीक, फिकट माणूस एकटाच आला. पुस्तक टेबलावर उघडं ठेवून बसला. अर्धी बाटली मागवली, काटा खाली पाडला, बशी उलटी करून बघितली आणि कान देऊन ऐकत राहिला. मी स्वयंपाकघरात धावत गेले. "आई, तपासनीस आला!"

बाबांनी त्याच्यासाठी मासा तीनदा केला. त्याच दिवशी दुधाच्या यंत्रांचे पंप विकणारा एक लठ्ठ माणूसही उतरला होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी त्याला सूप द्यायला विसरले, ते त्याने स्वतः येऊन मागितलं. तो दिसेल त्याच्याशी मोठमोठ्याने बोलायचा आणि आई ओठांवर बोट ठेवून त्याच्यामागे फिरायची.

पोस्टमन लेकीकडे गेलेला. पत्त्यांना चौथा हवा होता.

"मी बसतो की!" लठ्ठ माणूस ओरडला.

"हळू, साहेब," मामा कुजबुजला. "इथे आपण हळू बोलतो."

तो पाद्रीबाबांचा जोडीदार झाला. मामाचा जोडीदार बालिवे. शेवटच्या डावात मामाने हुकमाचा राजा टाकला आणि उजवा कान धरला. मग राणी टाकली आणि डावा धरला. गुण मोजले. मामा जिंकला, त्या वीस गुणांच्या जोरावर.

"कसले वीस?" लठ्ठ माणूस म्हणाला.

"बेलोत होती."

"कधी म्हणालात?"

"कान धरला की!"

"कान? अहो, कान शाळेत मास्तर धरतात! बेलोत तोंडाने म्हणतात!"

"गावचा नियम आहे," बालिवे कुजबुजला. "विचारा पाद्रीबाबांना."

पाद्रीबाबांना खोटं बोलता येत नव्हतं आणि हरायचंही नव्हतं. त्यांनी छताकडे पाहिलं.

"मला ऐकू आली नाही!" लठ्ठ माणसाने टेबलावर मूठ आपटली. "अहो, साऱ्या फ्रान्सला ऐकू आली नाही!"

आणि दोन वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडलं. मामा खुर्चीवर चढला आणि ओरडला, "बे-लो-त!" काचा थरथरल्या. बालिवेने ओरडून साथ दिली. दारातून तिसोबाई ओरडली की तिला तिच्या खडावा परत हव्यात. चौकातली कुत्री उठली. कुठल्याशा गोठ्यात एक बैल, ज्याच्याशी कुणी धड बोललंच नव्हतं, हंबरायला लागला.

आई सुपाचं भांडं धरून उभी. तिची नजर फिकट माणसावर. तो उठला, रुमालाची घडी केली आणि तिच्याकडे आला.

"मादाम," तो हळूच म्हणाला, "तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. आल्यापासून सगळे कुजबुजताना बघतोय, पण विचारायचा धीर होत नव्हता. कोण वारलं होतं?"

तो दिजोंच्या एका वकिलाचा कारकून होता, सुट्टीवर आलेला.

सकाळी लठ्ठ माणसाने बिल चुकतं केलं आणि मग खिशातून तपासनिसाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "आता स्वयंपाकघर बघू का?" आई बटाट्याच्या पोत्यावर बसली. बाबा टोपी शोधायला लागले. ती डोक्यावरच होती.

त्याने तवे पाहिले, कपाटं उघडली, लोण्याचा वास घेतला. आई त्याच्यामागून चालत होती, लियोंच्या धोबीखान्यात चालत असल्यासारखी.

"साहेब, काल संध्याकाळी..."

"हो, फार आवाज झाला, मादाम. मी त्याचा विचार केला. सुरुवात एका माणसाने केली. बाकी सगळे त्याला उत्तर देत होते. आणि तो माणूस आज गाव सोडून जातोय." त्याने पेन काढलं. "एवढंच सांगा. ती बेलोत धरायची की नाही?"

मामा बारच्या दारात उभा होता. त्याने दोन्ही कान धरलेले, एकदमच.

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग पेनाकडे पाहिलं.

"नाही धरायची," ती म्हणाली. "म्हटलीच नव्हती ना त्याने."

तपासनिसाने मान डोलावली, काहीतरी लिहिलं आणि गाडीत बसून गेला. जाताना हॉर्न वाजवला.

वसंतात नवं पुस्तक आलं. आमच्या नावापुढे दोन काटे होते आणि शेजारी घुबड, गाढ झोपलेलं. आईने पान उघडून मामासमोर धरलं. मामाने ते बघितलं. मग उजवा कान धरला, सोडला, डावा धरला, सोडला आणि टोपी घालून निघून गेला.

त्यानंतर तो आईशी आयुष्यात कधी बोलला नाही. जेवायला रोज यायचा, मीठ हवं असलं की माझ्याकडे मागायचा. लोलकाचा पायजमा पुढे कुजून गळून पडला, तिसोबाईला खडावा मिळाल्या, आणि गाव पूर्वीसारखं कोकलायला लागलं. घुबड मात्र हॉटेल बंद होईपर्यंत राहिलं. मला वाटतं, आई आणि मामाच्या टेबलापुरतं तरी ते खरंच होतं.